लाल, हिरवं आणि मुंबईची जमीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजवाद आणि पर्यावरण यावरच्या शनिवारच्या अभ्यासवर्गानंतर टपरीवर, व्हॉट्सॲपवर आणि प्रोजेक्ट करणाऱ्या कॉलेजच्या मुलांकडून जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केले आहेत. शब्द विचारणाऱ्यांचेच ठेवलेत, टोमण्यांसकट. उदाहरणं बहुतेक मुंबईची आहेत, कारण मी लालबागला वाढलो आणि मला हेच शहर आतून माहीत आहे. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, खरी पंचाईत आठव्या प्रश्नापासून सुरू होते.

1. समाजवाद म्हणजे पगार, बोनस, संप. त्यात झाडं आणि नद्या कुठून आल्या?

पहिल्यापासूनच होत्या. लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं की पीक जमिनीतून जे काढून घेतं ते परत घातलं नाही तर जमीन कंगाल होते. मार्क्सने ते बारकाईने वाचलं आणि लंडनकडे पाहिलं. धान्य खेड्यातून शहरात येत होतं, पण 45 लाख लोकांची विष्ठा शेतात परत न जाता टेम्स नदी नासवत होती. दुसरीकडे इंग्लंडचे शेतकरी खतासाठी पेरू देशाच्या बेटांवरून पक्ष्यांची विष्ठा जहाजांनी मागवत होते. माणूस आणि माती यांच्यातल्या चयापचयाला पडलेली ही भेग, असं मार्क्सचं म्हणणं.

आता दादरच्या भाजी मार्केटला पहाटे चारला उभं राहून बघा. नाशिकहून आलेला कोबी उतरतो. त्याची वरची पानं तिथेच पायाखाली जातात आणि सकाळी कचऱ्याच्या गाडीत भरली जातात. देवनारला 1927 पासून मुंबईचा कचरा पडतोय, तिथे डोंगर झाला. आणि कोबी पिकवणारा शेतकरी युरियाच्या गोणीसाठी रांगेत. भेग ती हीच.

2. मग साधा पर्यावरणवाद आणि तुमचा पर्यावरणवाद यात फरक काय?

आम्ही आधी विचारतो की किंमत कोण मोजणार आणि ठरवलं कोणी.

एकाच संस्थेचे दोन खटले घ्या, म्हणजे फरक कळेल. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने 1995 मध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली अतिक्रमणं हटवण्यासाठी उच्च न्यायालयात याचिका केली. 1997 मध्ये आदेश आला आणि पुढच्या काही वर्षांत हजारो झोपड्या बुलडोझरखाली गेल्या. उद्यानात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आदिवासीही त्या कचाट्यात सापडले. पुढे याच संस्थेने गिरण्यांच्या जमिनीवर मोकळी मैदानं आणि घरं मिळावीत म्हणून खटला लढवला, तेव्हा गिरणी कामगारांच्या संघटनाही त्याच बाजूला होत्या (प्रश्न 3). माणसं तीच, तळमळही प्रामाणिक. पहिल्या वेळी झाडाच्या आड येणारा माणूस गरीब होता, दुसऱ्या वेळी मालक. समाजवादी माणसाला पहिल्या खटल्याच्या वेळी अस्वस्थ व्हायला हवं होतं. आपल्यातले सगळे झाले असं मी म्हणणार नाही.

3. गिरण्यांच्या जमिनीचं नेमकं काय झालं? एकतृतीयांशचं सूत्र सगळे सांगतात, पण मैदान तर कुठे दिसत नाही.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून उत्तर लांब आहे.

गिरणगावात म्हणजे भायखळा, लालबाग, परळ, वरळी, दादर या पट्ट्यात मिळून सुमारे 600 एकर जमीन गिरण्यांकडे होती. गिरण्या बंद पडू लागल्यावर 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 वा नियम आला. ढोबळमानाने त्याचा अर्थ असा: मालकाला जमीन विकता येईल, पण साधारण एकतृतीयांश महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एकतृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला भाग मालकाला. 1996 मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्रित आराखडाही करून दिला, म्हणजे तुकडे तुकडे न होता सलग मोकळी जागा निघाली असती.

मग 2001 मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटणी आता गिरणीच्या सगळ्या जमिनीची नाही, फक्त 'मोकळ्या' जमिनीची. जिथे शेड उभी आहे ती जागा हिशेबातून बाहेर, शेड पाडली तरी बाहेर.

कागदावर करून बघा. समजा गिरणी 30 एकरांची आहे आणि त्यातल्या 24 एकरांवर शेड, गोदामं, चिमणी. जुन्या नियमाने शहराला साधारण 10 एकर मैदान आणि 10 एकर घरांसाठी मिळालं असतं. नव्या नियमाने उरलेल्या 6 एकरांचे तीन भाग, म्हणजे 2 एकर मैदान आणि 2 एकर घरांसाठी. बाकी 26 एकर मालकाचे. गिरणी म्हणजे मुळात छपराखालचा धंदा, आवारात मोकळी जागा असणार किती?

याविरुद्धच्या खटल्यात (प्रश्न 2) ऑक्टोबर 2005 मध्ये उच्च न्यायालयाने निकाल शहराच्या बाजूने दिला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान महामंडळाने 2005 मध्येच पाच गिरण्या लिलावात विकल्या होत्या, 2,000 कोटींहून जास्त रकमेला. लक्षात घ्या, या राष्ट्रीयीकरण झालेल्या, सरकारी मालकीच्या गिरण्या. सरकारच जेव्हा बोलीवर जमीन काढतं तेव्हा तेही एक जमीनमालकच असतं. मालकी सरकारी झाली म्हणजे समाजवाद आला, हा आपल्या आधीच्या पिढीचा भाबडेपणा तिथे उघडा पडला.

4. पण 1982 चा संप झाला नसता तर गिरण्या टिकल्या असत्या ना?

काही टिकल्या असत्या, बहुतेक नाही. भिवंडीचे यंत्रमाग आधीच कापड स्वस्तात काढत होते, मालकांनी यंत्रांत पैसा घालणं कधीच थांबवलं होतं आणि परळच्या जमिनीचा भाव कापडाच्या नफ्याला हसत होता. संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले.

मागणी पगाराची होती, पण गाठ दुसरीकडे होती. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे गिरणी धंद्यात मान्यताप्राप्त संघटना एकच, आणि तिच्याशिवाय कोणाशी बोलायला मालक बांधील नाही. कामगार संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या मागे आणि वाटाघाटीचा हक्क दुसऱ्याच संघटनेकडे. पगारापेक्षा 'आमच्या वतीने कोण बोलणार' हे ठरवण्याचं ते भांडण होतं. संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. आमच्या मजल्यावरचे एक काका शेवटपर्यंत म्हणायचे, "मी रिटायर नाही, मी संपावर आहे."

5. गिरणी कामगारांना घरं मिळाली की नाही शेवटी?

थोड्यांना. अर्ज दीड लाखाच्या घरात आणि म्हाडाच्या सोडतीतून मुंबईत निघालेली घरं काही हजार. पहिली मोठी सोडत 2012 ची. ज्यांचा नंबर लागला त्यातले कित्येक तोवर वारले होते. मग वारसदाखला, मग दोन भावांचं भांडण, मग कर्ज. उरलेल्यांसाठी आधी पनवेलजवळ, पुढे बदलापूरच्या पलीकडे वांगणी-शेलूला जागा दाखवल्या गेल्या.

मार्क्सचा साथी एंगेल्स याने 1872 मध्ये घरांच्या प्रश्नावर लिहिताना हेच पकडलं होतं: भांडवलदार वर्गाकडे घरांचा प्रश्न सोडवण्याची एकच रीत असते, तो उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायचा. शेलूहून परळला कामाला येणाऱ्या बाईला सकाळची गाडी चुकली की अर्ध्या दिवसाचा पगार जातो.

6. एफएसआय म्हणजे काय, आणि राजकारणी त्याच्यावरच का बोलतात?

भूखंड 1,000 चौरस फुटांचा आणि एफएसआय 3 असेल तर सगळे मजले मिळून 3,000 चौरस फूट बांधता येतं. पुस्तकी मराठीत चटई क्षेत्र निर्देशांक. 1991 च्या नियमावलीत मुंबई बेटावर तो साधारण 1.33 होता.

गंमत अशी की हा आकडा वाढवला की एक वीटही न रचता पैसा तयार होतो. काल जिथे चार मजले चालत होते तिथे आज बारा चालतील, एवढं लिहिलं की झालं. 1995 पासूनची झोपडपट्टी पुनर्वसन योजना याच हवेतल्या जमिनीवर उभी आहे: झोपडीवाल्याला फुकट घर, आणि त्याच्या बदल्यात बिल्डरला विकायला जादा बांधकाम. सरकारी तिजोरीला तोशीस नाही म्हणून सगळ्या पक्षांना ही योजना आवडते. तोशीस पडते ती इतरत्र. एकमेकांना चिकटलेल्या इमारती, खालच्या मजल्यावर दुपारीही ट्यूबलाइट, आणि यादीत 'अपात्र' ठरलेली कुटुंबं. धारावीच्या अपात्रांसाठी मुलुंड, भांडुप, कांजूरची सुमारे 256 एकर मिठागरं काढली आहेत. पावसाचं आणि भरतीचं पाणी जिरवणारी जागा ती हीच.

7. काही म्हणा, नद्या घाण होतात त्या झोपड्यांमुळेच. मिठी बघा.

बघू. मिठी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते आणि पावणेअठरा-अठरा किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत ती विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, त्यासाठी तिला काटकोनात वळवलंय. तोंडाशी जिथे तिला पसरायला खाजण आणि तिवरं होती तिथे भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल झालं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा पाणी जायला जागाच नव्हती. मुंबईत चारशेहून जास्त माणसं गेली.

झोपड्यांतून प्लास्टिक पडतं, खरं आहे. जिथे कचऱ्याची गाडी जात नाही आणि संडास पन्नास घरांना एक, तिथे दुसरं काय होणार? तोच कचरा धारावीत वेचून, रंगांप्रमाणे वेगळा करून, दळून त्याचे दाणे बनतात. या शहरात पुनर्वापराचं सर्वांत मोठं काम ज्यांच्या हातांनी होतं त्यांनाच आपण प्रदूषक म्हणतो.

झोपडी तोडण्याबद्दल कायदा काय म्हणतो, असंही विचारलं जातं. 1985 च्या ऑल्गा टेलिस निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पण नोटीस देऊन हटवायला परवानगीही त्याच निकालात आहे. आपले कार्यकर्ते पहिला अर्धाच भाग सांगतात.

8. मेट्रो ही सार्वजनिक वाहतूकच आहे. मग आरेत डाव्यांनी मेट्रोला विरोध का केला? हा दुटप्पीपणा नाही का?

प्रश्न रास्त आहे. मेट्रो हवीच. लोकलला लोंबकळून रोज माणसं मरतात त्या शहरात भुयारी मेट्रोला विरोध करणारा माणूस माझ्या समजुतीबाहेरचा आहे. आरेत, म्हणजे गोरेगावच्या झाडांच्या पट्ट्यात, वाद कारशेडच्या (मेट्रोच्या गाड्या ठेवायच्या) जागेचा होता.

4 ऑक्टोबर 2019 ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालय 7 तारखेला थांबवेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती. जमावबंदी, 29 जणांना अटक. दुसऱ्या दिवशी मी मरोळच्या बाजूने गेलो तर नाकाबंदीपलीकडे पाड्यावरची एक म्हातारी पोलिसाला आपला विजेच्या बिलाचा कागद दाखवत होती, आत आपलं घर आहे हे पटवायला. आरेत आदिवासींचे 27 पाडे आहेत. त्यांना कोणी विचारलं होतं?

एवढ्या घाईची गरज नव्हती. कारशेड 2020 मध्ये कांजूरमार्गला हलवायचं ठरलं, 2022 मध्ये सरकार बदललं आणि ती परत आरेत आली. त्यात गेलेली वर्षं फुकट. चूक आमच्याही बाजूला झाली: झाडाला मिठी मारलेले फोटो एवढे फिरले की वारली कुटुंबांच्या जमिनीच्या हक्काची मागणी मागेच पडली आणि भांडण 'झाडं विरुद्ध मेट्रो' असं दिसू लागलं. रोज विरारहून येणारा माणूस मग कोणाच्या बाजूने जाणार? 

9. मग तुमच्या मते वाहतुकीवर पैसा कशावर घालायला हवा?

बेस्टवर, म्हणजे शहराच्या बसवर. ट्राम आणि वीज खासगी कंपनीची होती, ती 1947 मध्ये महापालिकेने विकत घेतली. देशात शहराच्या मालकीची वाहतूक सुरू करणाऱ्यांत आपण होतो. 2019 मध्ये किमान भाडं 5 रुपये केलं तेव्हा प्रवासी परत आले. मे 2025 मध्ये ते 10 केलं. मधल्या काळात स्वतःच्या गाड्या भंगारात गेल्या आणि भाड्याच्या आल्या: गाडी कंत्राटदाराची, चालक त्याचाच, बेस्टचा फक्त रंग. चालकाचा पगार थकला की डेपोत संप आणि थांब्यावर रांग.

याच वर्षांत मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंत साडेदहा किलोमीटरचा किनारी रस्ता झाला, खर्च 13,000 कोटींहून जास्त. त्यावर दुचाकीलाही बंदी. बेस्टला मात्र तोट्यातला उपक्रम म्हणतात. रस्त्याला तोट्यातला म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

जाता जाता. मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर त्यांनी फोमच्या गाद्या बसवायला लावल्या. समाजवाद म्हणजे काय असं कोणी शाळकरी पोराने विचारलं तर मी ते बाक सांगतो.

10. किनारी रस्त्याला कोळ्यांचा विरोध होता, तो भरपाईसाठी ना?

वरळी कोळीवाड्याची मुख्य मागणी पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर वाढवण्याची होती. आराखड्यात ते 60 मीटर होतं. पावसाळ्यात लाट आडवी घेत असताना समोरून दुसरी होडी आली तर खांबावर आपटायची भीती, हे तिथे रोज जाणारालाच कळतं. कोळ्यांनी क्लिव्हलँड बंदरावरून होड्या आणून काम अडवलं. अखेर 2022 च्या डिसेंबरात 120 मीटर मान्य झाले. आधी विचारलं असतं तर हे पहिल्या दिवशी कळलं असतं, आणि स्वस्तात.

11. झोपडपट्टीला नळ द्या म्हणता. पण मुंबईचं पाणी येतं कुठून? शहापूरच्या आदिवासींचा घसा कोरडा ठेवूनच ना?

हा प्रश्न शहापूरच्याच एका शिक्षकाने पाठवला, आणि त्याला गुळगुळीत उत्तर नाही.

विहार 1860 चा, तुळशी 1879, तानसा 1892. मग वैतरणा, भातसा. तलाव दूर दूर सरकत गेले. आज शहराला दिवसाला जवळपास 4,000 दशलक्ष लिटर पाणी येतं. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना मार्च-एप्रिलपासून टँकर लागतो. जलवाहिनीच्या जोडाला गळती असते तिथे बाया हंडे लावून बसलेल्या दिसतात. वर गारगाईचं नवं धरण वाडा तालुक्यात नियोजित आहेच, म्हणजे आणखी जंगल आणि आणखी गावं पाण्याखाली.

शहराच्या आतली वाटणी वेगळीच गोष्ट. मृणाल गोरे 1961 मध्ये गोरेगावातून नगरसेविका झाल्या आणि पाण्यासाठी एवढे मोर्चे काढले की नावच 'पाणीवाली बाई' पडलं. 1977 ला त्या खासदार झाल्या आणि इंदिरा गांधी हरल्या तेव्हा लोक म्हणाले, पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात. मागणी साधी होती: माणूस आहे तिथे नळ. तरीही पुढची कित्येक वर्षं झोपडी ठरावीक (कट-ऑफ) तारखेच्या आधीची असल्याचा पुरावा नसेल तर जोडणी मिळत नसे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर 2014 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी पाणी नाकारता येणार नाही. आजही मानखुर्द-गोवंडीच्या कडेच्या वस्त्यांत लोक पिंपाच्या हिशेबाने पाणी विकत घेतात आणि लिटरमागे टॉवरमधल्या कुटुंबापेक्षा कितीतरी जास्त मोजतात.

मग शहापूरचं काय? माझं मत: नवं धरण ही शेवटची गोष्ट. आधी गळती बंद करा, टॉवरमधले पोहण्याचे तलाव आणि धुतल्या जाणाऱ्या गाड्या यांना चढत्या दराने पाणी द्या, सांडपाणी शुद्ध करून कारखाने-बागांना वापरा, आणि ज्या तालुक्यातून पाणी उचलता त्याला पहिला वाटा द्या. गोवंडीच्या बाईने आणि शहापूरच्या बाईने एकमेकींशी भांडावं अशीच आत्ताची रचना आहे. दोघींना एका व्यासपीठावर आणायचा प्रयत्न आम्ही एकदा केला. शहापूरहून दोन जीप भरून बाया आल्या, गोवंडीतून मोजून सहा जणी, कारण त्या दिवशी त्यांच्याकडे पाणी यायची वेळ दुपारी तीनची होती.

12. एवढं सगळं मुंबईच्या महापौराने का नाही केलं?

कारण त्याच्या हातात फारसं काही नाही. 1888 च्या कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे आहेत आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. महापौर सभा चालवतो, पाहुण्यांचं स्वागत करतो. मोठे रस्ते, मेट्रो, वांद्रे-कुर्ला संकुल हे सगळं एमएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे राज्य सरकारच्या हाताखाली. महापालिकांना अधिकार द्यायची 74 वी घटनादुरुस्ती 1992 ची. बाराव्या अनुसूचीत 18 विषय मोजून दिलेत, नगरनियोजनासकट. राज्याने ते 'देऊ शकतो' असा शब्द आहे, त्यामुळे दिले नाहीत तरी चालतं.

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक वर्षानुवर्षं झाली नाही आणि प्रशासकाने कारभार केला. 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा, आणि त्यावर बोलायला एकही नगरसेवक नव्हता. तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा न घेता कोणी चार वर्षं मेंटेनन्स खर्च केला असता तर तुम्ही निबंधकाकडे धावला असता.

म्हणून शहरी समाजवाद्यांची मागणी 'आपला महापौर' एवढीच नसते. वॉर्डाच्या खाली क्षेत्रसभा हव्यात, गावच्या ग्रामसभेसारख्या. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा)ची घोषणा तुम्ही ऐकली असेल, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. त्या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबू विकून ते हिशेब चावडीवर मांडू लागले. खुद्द मुंबईत राहणाऱ्याला एवढाही हक्क नाही.

13. रशियात तर समाजवादी सत्ता होती. तिथे अरल समुद्र आटवलाच ना?

आटवला, आणि कापसासाठी. आमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचं पाणी वाळवंटात वळवलं. जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर तुकड्या तुकड्यांत उरलं, मच्छीमारांची जहाजं वाळूत. मॉस्कोत ठरवलेलं उत्पादनाचं लक्ष्य, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला ब्र काढायची सोय नाही. एवढं लांब कशाला, नंदिग्रामला 14 मार्च 2007 रोजी गोळीबारात 14 गावकरी मेले तेव्हा बंगालमध्ये सरकार डाव्या आघाडीचं होतं. उद्योगासाठी शेतजमीन घ्यायचीच, या हट्टापायी.

'ते खरे समाजवादी नव्हतेच' हे उत्तर अभ्यासवर्गात मी बंद केलंय. ते होते. वरून ठरवायची सवय त्यांना लागली होती. हीच सवय आपल्या आयुक्तालयाला आहे, झेंडा वेगळा.

14. जमलंय असं एखादं शहर दाखवा.

व्हिएन्ना. पहिल्या महायुद्धानंतर 1919 ते 1934 तिथे समाजवादी नगरपालिका होती. 1923 मध्ये त्यांनी घरबांधणीसाठी खास कर बसवला, छोट्या घराला नगण्य आणि हवेल्यांना भरपूर. त्यातून 60,000 हून जास्त घरं बांधली, मालकी शहराची. 1930 ला उघडलेली कार्ल मार्क्स होफ ही वसाहत किलोमीटरभर लांब, पण बांधकाम भूखंडाच्या पाचव्या भागापेक्षाही कमी जागेवर. बाकी अंगण, झाडं, बालवाडी, धुणीघर, वाचनालय. 1934 मध्ये फॅसिस्ट सरकारने याच वसाहतीवर तोफा डागल्या. तरी घरं राहिली, आणि आजही शहरातली निम्म्याच्या आसपास माणसं पालिकेच्या किंवा नफा न कमावणाऱ्या संस्थांच्या घरांत भाड्याने राहतात.

त्याच सुमाराला मुंबईत बीडीडी चाळी उभ्या राहत होत्या. 207 इमारती, 160 चौरस फुटांची खोली, संडास मजल्याच्या टोकाला. ब्रिटिश सरकारला कामगार हवा होता, शेजारी नको होता.

15. या सगळ्यात जात कुठे बसते? डावे त्यावर बोलत नाहीत.

बोलायला उशीर केला, मान्य. गिरणीत साचेखात्यात (विणकामाच्या खात्यात) पगार जास्त, पण तिथे दलित कामगाराला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे आणि सवर्ण कामगार म्हणत, विटाळ होतो. डॉ. आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत राहत होते, त्यांनी हे जवळून पाहिलं आणि कम्युनिस्टांना त्यावरून सुनावलं. तरीही 7 नोव्हेंबर 1938 च्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले.

आज हा प्रश्न झाडूच्या टोकाला आहे. शहर 'हरित' होतं म्हणजे ओला-सुका कचरा कोणीतरी हाताने वेगळा करतं, आणि तो हात बहुधा दलिताचा असतो, कंत्राटावर. 2,700 सफाई कामगारांना महापालिकेने कायम करावं हा निर्णय सर्वोच्च न्यायालयातून 2017 मध्ये आला, त्यासाठी कचरा वाहतूक श्रमिक संघाला दहा वर्षं लढावं लागलं.

16. मी ठाण्यात दोन बेडरूमच्या घरात राहतो, मोर्चात येणं होत नाही. मी काय करू शकतो?

विकास आराखड्याचं पान उघडा. मुंबईचा 2034 चा आराखडा 2015 मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा लोकांनी आपापल्या गल्लीचा नकाशा घेऊन चुका शोधल्या. शाळेच्या जागी रस्ता, नसलेलं मैदान, गायब झालेला कोळीवाडा. हरकतींचा एवढा पाऊस पडला की सरकारला तो आराखडाच रद्द करून नव्याने करावा लागला, आणि मंजुरी 2018 मध्ये मिळाली. ते काम मोर्चेवाल्यांपेक्षा निवृत्त कारकून, वास्तुरचनेचे विद्यार्थी आणि नकाशा वाचता येणाऱ्या शिक्षिकांनी जास्त केलं.

ठाण्याचंही तसंच. आपल्या प्रभागाचा नकाशा मागवा, हिरवा रंग कुठे आहे ते बघा, मग संध्याकाळी तिथे चालत जा. हिरव्या जागी पार्किंगचे पत्रे किंवा विक्री कार्यालय उभं असेल तर मोबाइलवर फोटो काढा आणि सर्व्हे क्रमांकासह हरकत लिहा. मुदत नोटिशीतच दिलेली असते. अर्ज मराठीत, साध्या कागदावर चालतो. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.